कार्डाची मागची बाजू

मनिला
१२ जून १९९४

प्रिय निनांग पेतांग,

तुमचा हात माझ्या कपाळाला.

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्ही आईला म्हणणार, "नेलिया, तुझ्या लेकीला काहीतरी हवंय." खरंच हवंय. माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय ठरलाय, लहान गावातलं राजकारण. आमचे सर म्हणाले, "मनिलात बसून गावाबद्दल कुणीही लिहितं. तुझ्याकडे असं काय आहे, जे माझ्याकडे नाही?" मला एकदम तुमच्या जेवणघरातली ती लाकडी खणांची कपाटं आठवली. लहानपणी मला वाटायचं त्यात बिस्किटं असतील. तुम्ही एकदा हातावर फटका दिला होतात.

निनांग, त्या कार्डांवर काय लिहिता हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. मला सांगाल?

आणि दुसरं, मला टिपणं ठेवायची सवय लागत नाही. नवी वही घेते, चार पानं सुंदर अक्षरात लिहिते, आणि मग ती वही उशीखाली जाते ती जातेच. तुम्हाला हे कसं जमतं?

बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तुम्ही मला हातात धरलंत, माझ्या आत्म्याची जबाबदारी घेतलीत. प्रबंधाचीही घ्या ना.

तुमची लेक,
वेंग


सान फेर्मिन
२४ जून १९९४

वेंग,

आत्म्याची जबाबदारी मी फादरसमोर घेतली होती. प्रबंधाबद्दल त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. तरी लिहिते, कारण या गावात मला काही विचारणारी तू पहिलीच. बाकीचे फक्त सांगायला येतात.

कपाटांची हकिकत अशी. मी वाचनालयातून निवृत्त झाले त्याच महिन्यात मेयरच्या बायकोने पुस्तकांच्या कार्डांची कपाटं बाहेर काढायला लावली. जागा हवी होती. कशाला, तर फिएस्टाच्या मिरवणुकीतल्या सुंदऱ्यांचे झगे टांगायला. कपाटं मागच्या अंगणात उघड्यावर पडली होती. मी ती तीनचाकीत घालून घरी आणली. आत कोऱ्या कार्डांचे गठ्ठे तसेच होते. कोरं कार्ड समोर असलं की मला स्वस्थ बसवत नाही, ती कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आसुंतांची शिकवण.

तेव्हा मला एकच प्रश्न छळत होता. मोंतेरोयो घराण्याने या गावाला रस्ता दिला नाही, दवाखान्यात आयोडीन दिलं नाही, तरी तीन पिढ्या मेयर त्यांचाच. का? उत्तर मला रद्दी काढताना सापडलं. लग्नपत्रिका होत्या. तुला माहीतच आहे, आपल्याकडे पत्रिकेवर नवरानवरीची नावं बारीक आणि निनोंग-निनांगांची यादी लांबलचक. प्रत्येक यादीत वरचं नाव मोंतेरोयो. कोळ्याच्या पोराच्या लग्नात, मास्तरणीच्या लग्नात, खाटकाच्या लग्नात. जो माणूस देवळात तुझा धर्मपिता म्हणून उभा राहिला, त्याच्याविरुद्ध मत देऊन तू त्याच्यासमोर कशी जाशील? लोक त्यांना मत देत नाहीत, वेंग. मान देतात. मी पत्रिका गोळा करायला लागले, मग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी वाचायला लागले.

आता सवयीचं. वही फेकून दे. वहीत माणूस शोभेसाठी लिहितो. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची, कुणी सांगितली आणि केव्हा, ते खाली. तुला काय वाटतं ते त्याच ओळीत घुसडायचं नाही. रोज जेवणाआधी एक कार्ड. कार्ड नाही तर जेवण नाही. आठवडाभर उपाशी राहिलीस की सवय लागेल.

माझ्या कार्डांना दोन बाजू आहेत. पुढे शाईने लिहिलेलं, ते चर्चच्या दारावर लावलं तरी चालेल, कोण कुणाचा निनोंग. मागे पेन्सिलने, लोक माझ्याजवळ बसून जे बोलले ते. पुढची बाजू मी तुला उतरवून पाठवीन. मागची माझी नाही, त्यांची आहे. ती मागू नकोस.

तुझी निनांग,
पेतांग


मनिला
९ ऑगस्ट १९९४

प्रिय निनांग,

तुमचा हात माझ्या कपाळाला.

सवय लागली! पहिले तीन दिवस खरंच उपाशी राहिले, चौथ्या दिवशी लिहायला लागले. सोबत दोन कार्डं पाठवतेय, तपासून द्या. एक आमच्या वसतिगृहाच्या मालकिणीबद्दल आहे. ती कोणत्या सेनेटरची कोण लागते ते मी भाताच्या रांगेत शोधून काढलं. सरांनी वर्गात माझं कार्ड वाचून दाखवलं. म्हणाले, हे खरं संशोधन, बाकीचं वर्तमानपत्राची कात्रणं.

तुम्ही उतरवून पाठवलेल्या पुढच्या बाजूही वाचून झाल्या. पण निनांग, रागावू नका हं, नुसत्या पुढच्या बाजूने काय कळतं? कोण कुणाचा निनोंग, हे चर्चचा कारकूनही सांगेल. प्रश्न पुढेच आहे ना? ते नातं कुणाला बांधतं आणि कुणाला काचतं. ते सगळं मागेच असणार. नावं मी बदलीन. 'क' नावाची मासळीवाली, 'ख' नावाचा सुतार, असं. सर म्हणतात संशोधनात ते चालतं.

इथे एक ओळख झालीय. त्याचं नाव रामिल. लोकमताचे अंदाज काढणाऱ्या एका कार्यालयात काम करतो. तुमच्या पद्धतीबद्दल ऐकून तो म्हणाला, "तुझ्या निनांगला आमच्या साहेबाच्या खुर्चीवर बसवायला हवं." तुम्हाला आवडेल तो. भरपूर जेवतो.

वेंग


सान फेर्मिन
२ सप्टेंबर १९९४

वेंग,

भरपूर जेवणारे पुरुष मला आवडतात हे तुला कुणी सांगितलं? मी लग्न केलं नाही, ते उगाच नाही.

तुझी कार्डं परत पाठवते. पहिलं चांगलं आहे. दुसऱ्यावर तू 'बहुधा' लिहिलं आहेस. बहुधा हे कार्डावर लिहायचं नसतं, बहुधा म्हणजे तू विचारायला गेली नाहीस.

मागच्या बाजूबद्दल मी तीन आठवडे स्वतःशी भांडले. मग परवा तिया इसांग आली. तीच, सुकी मासळी विकणारी, बाजारात शिरल्यावर डावीकडचा पहिला ओटा. वाटीभर खारवलेल्या मासळीचं गिनामोस घेऊन आली आणि पाय पसरून बसली.

"पेतांग," म्हणाली, "ती गुम्बानबाई मेयरच्या विरुद्ध उभी राहणार म्हणतात. खरं?"

"उभी राहतेय."

"नर्स होती ना ती? माझ्या धाकट्याच्या वेळी रात्रभर बसली होती." मग वाटी माझ्याकडे सरकवली. "माझ्या मोठ्याच्या लग्नात मेयर निनोंग होता."

"माहीत आहे. माझ्याकडे पत्रिका आहे."

"तुझ्याकडे सगळ्या गावाची आतडी आहेत, बाई. मग हेही लिही. पोराला मुन्सिपाल्टीत लावतो म्हणाला तो, सहा वर्षं झाली. मी त्याच्यासमोर हसते, त्याचा हात कपाळाला लावते, आणि मत गुम्बानबाईला देणार आहे. पण हे ओट्यावर बसून बोलले तर तो ओटा राहणार नाही."

"इथे बोललीस ते इथेच राहील," मी म्हटलं.

अशी कितीतरी आहेत, वेंग. तुझी आईसुद्धा. नेलियाचं कार्ड तर मागून पूर्ण भरलंय, तिने मेयरबद्दल वापरलेले शब्द पेन्सिललाही लाजवतील. हे सगळं माझ्या जेवणघरात कुजून जावं असं मला वाटत नाही. मी सत्तर पार केलीय. माझ्यानंतर ही कपाटं कोणीतरी पुन्हा झग्यांसाठी रिकामी करेल. माझ्या मागे हे काम पुढे नेणारं कुणी असेल तर ते तू.

तुझी आई तुला भेटायला येतेय. तिच्याबरोबर खण पेटीत घालून पाठवते, मूळ कार्डं. मागची बाजू वाच, समज, पण उतरवू नकोस. कुठेही नाही, 'क' आणि 'ख' करूनही नाही. आपल्या गावात डावीकडच्या पहिल्या ओट्यावरची मासळीवाली एकच आहे. आणि गुम्बानबाई उभी आहे तोवर कुणाला दाखवू नकोस, प्रोफेसरलाही नाही. हे वचन मी लोकांना दिलंय, आता ते तुझ्याकडेही आलं.

नेलिया बोटीत त्या पेटीवरच बसून राहणार म्हणतेय. झोपणारही तिच्यावरच. मी तिला सांगितलं, तुझ्या वजनाने खण चेपतील. तिच्या लेकीची निनांग म्हणून मी तिची कुमारे ना, तर म्हणाली, "कुमारे, तुझी जीभ चेपली तर बरं होईल."

तुझी निनांग,
पेतांग


मनिला
२१ नोव्हेंबर १९९४

प्रिय निनांग,

उशीर झाला, माफ करा. आई सुखरूप पोहोचली आणि सुखरूप परत गेली, हे तिने सांगितलंच असेल. तिने रामिललाही पाहिलं. बाजारात विकते तेच चिकट भाताचे इबोस तिने त्याच्यासाठी केले होते, ते सगळे त्याने एका बैठकीत संपवले, आंब्यासकट.

कार्डं वाचताना मी रडले. किती माणसं, किती वर्षांचा संताप, आणि वर सगळ्यांचं हसू. खण अजून थोडे दिवस ठेवून घेऊ का? नाताळपर्यंत. रामिलच्या कार्यालयात कॉम्प्युटर आहे. त्यात नावं घातली की तो वस्तीवार लावून देतो. कोण कुणाचा निनोंग ते एका क्षणात. फक्त पुढची बाजू घालतेय, अर्थात.

मी आता रोज दोन कार्डं लिहिते. तुमची सवय माझ्या हाडात शिरलीय.

वेंग


सान फेर्मिन
१७ जानेवारी १९९५

वेंग,

नाताळ गेला, तीन राजांचा सणही गेला. खण कुठे आहेत?

मला ते इथे हवेत, कारण गावात काहीतरी विचित्र चाललंय. मेयरची माणसं घरोघर हिंडतायत. निवडणुकीच्या वर्षी हिंडतातच, पण आजवर ती आंधळ्यासारखी हिंडायची, सगळ्यांना सारखाच टीशर्ट आणि सारखाच तांदूळ. यंदा तसं नाही. सुतार बेर्टिंगचा बाप गेला तेव्हा शवपेटी देतो म्हणून मेयरने फसवलं होतं, त्या बापाच्या थडग्यावर अचानक संगमरवर आला. दाईच्या मुलीची थांबलेली शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला जिथे दुखतं, बरोबर तिथे फुंकर. काल बेर्टिंग मला देवळाबाहेर भेटला, नजर चुकवत म्हणाला, "निनांग, मी गुम्बानबाईला शब्द दिला होता खरा. पण संगमरवर म्हणजे... माझ्या बापाचं नाव कोरलंय हो त्याच्यावर."



बाजारात बोललेलं कुणीतरी वर पोचवतंय. माझा संशय फादरच्या स्वयंपाकिणीवर आहे. ती माझ्याकडे बसायला येते आणि ऐकताना तिची मान फार हलते. मी तिला परवा दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, "आज चहा नाही, आणि उद्याही नसेल." बिचारी रडत गेली. बिचारी कसली.

तुझा तो कॉम्प्युटर एवढा हुशार असेल तर त्याला विचार, संगमरवर आणि शिष्यवृत्ती या दोन्ही घरांत कोण येतंजातं. आणि खण पाठव.

पेतांग


मनिला
२० फेब्रुवारी १९९५

प्रिय निनांग,

तुमचा हात माझ्या कपाळाला.

खण उद्याच्या बोटीने निघतायत. आईचा चुलतभाऊ आणून देईल. सगळी कार्डं आहेत, क्रम बदललेला नाही.

स्वयंपाकिणीबद्दल एवढ्यात काही ठरवू नका. लहान गावात बातमीला पाय असतात, कुणी मुद्दाम न्यावीच लागते असं नाही. आणि एका परीने पाहिलं तर दाईच्या मुलीची शिष्यवृत्ती सुरू झाली ही वाईट गोष्ट आहे का?

आनंदाची बातमी: रामिल आणि मी लग्न करतोय! २२ एप्रिल, इथेच मनिलात. पत्रिका सोबत आहे. निनोंग-निनांगांची यादी रामिलच्या घरच्यांनी आणि त्याच्या कार्यालयाने ठरवली, मला त्यात फारसं बोलता आलं नाही. तुमचं नाव मी स्वतः घालून घेतलंय. तुम्ही आल्याशिवाय मी वेदीपर्यंत चालत जाणार नाही.

प्रबंध थोडा मागे पडलाय. लग्नानंतर बघू.

वेंग


सान फेर्मिन
६ मार्च १९९५

रोवेना,

पत्रिका मिळाली, तुझं पूर्ण नाव तिच्यावर आहे तसंच वर लिहिलंय. कागद जाड आहे, अक्षरं सोनेरी आहेत. पत्रिका कशी वाचायची हे मीच तुला शिकवलं, त्यामुळे मला ती वाचायला वेळ लागला नाही. नवरानवरीच्या नावांवरून मी पुढे गेले आणि यादीवर आले. पहिलं नाव मोंतेरोयो. आपला मेयर नव्हे, तो मनिलाला कशाला येईल. त्याचा भाऊ, काँग्रेसमन. रामिलच्या कार्यालयाचं गिऱ्हाईक, नाही का? तुझ्या पत्रात त्या कार्यालयाला नाव नव्हतं. मी विचारलंही नाही. पोरीच्या प्रेमात पडलेल्या मुलाचं कार्यालय म्हटल्यावर आणखी काय विचारायचं, असं मला वाटलं. 'बहुधा' लिहिलंस म्हणून तुला झापणारी बाई मी.

माझं नाव अकरावं आहे. मेयरच्या भावाखाली, एका सिमेंटवाल्याच्या बायकोनंतर. माझं नाव घालताना तुझं पेन अडखळलं की नाही, तेवढं मला कळलं नाही, सोनेरी छपाईत ते उमटत नाही.

खणही मिळाले. क्रम बदललेला नाही, हे खरं. पण कार्डांच्या मागे पेन्सिलचा रंग फिका झालाय, आणि कडांना कुणाच्यातरी अंगठ्याचे तेलकट डाग आहेत. एक एक कार्ड उलटून कुणीतरी वाचलंय, आणि बाजूला कुणीतरी टंकत होतं. तू शांतपणे बसून टंकलंस, की तो वाचत होता आणि तू टंकत होतीस?

इसांगचा ओटा गेला. मुन्सिपाल्टीच्या माणसाने सांगितलं, ओटे धुवायचे आहेत, दोन दिवस बाहेर बसा. धुऊन झाल्यावर तिथे दुसरीच बाई बसली. इसांग माझ्याकडे आली नाही. मी तिच्याकडे गेले. ती बाजाराच्या भिंतीबाहेर उन्हात पाट टाकून बसली होती, मासळीवर माशा होत्या.

मी म्हटलं, "इसांग..."

ती म्हणाली, "सुकट किती देऊ?"

"इसांग, माझं ऐक."

"तुझं ऐकलं ना मी. इथे बोललीस ते इथेच राहील, म्हणालीस. किती देऊ, बोल. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाला जागा दे."

मी घेतली सुकट. ती अजून कागदात तशीच पडलीय.

बेर्टिंगसारख्या डळमळीत माणसांना संगमरवर, आणि इसांगसारख्या ठाम बाईला ऊन. एवढी नेमकी विभागणी मेयरच्या डोक्यातून निघणारी नाही. ती शिकलेल्या डोक्यातून निघालेली आहे. लोक मोंतेरोयो घराण्याला का बांधलेले आहेत हे मी मोकळं करून दाखवायला निघाले होते. तू त्याच दोरीने त्यांना आणखी आवळून बांधायला मदत केलीस.

फादरच्या स्वयंपाकिणीच्या दारात जाऊन मी माफी मागितली. तिने चहा दिला. साखर घातली नव्हती, मी तसाच प्यायले.

लग्नाला मी येणार नाही.

पेर्पेतुआ कातालबास


मनिला
२८ मार्च १९९५

निनांग,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही समजता तसं ते झालं नाही.

सुरुवातीला मी खरंच फक्त पुढची बाजू टंकली. रामिलने मागची पाहिली तेव्हा मी झोपले होते. तो म्हणाला, असं काम त्याने आयुष्यात पाहिलं नाही, हे वाया जाऊ द्यायचं म्हणजे पाप. त्याच्या साहेबाने ते गिऱ्हाइकाला दिलं. मला कळलं तेव्हा देऊन झालं होतं. तेव्हा भांडले असते तर काय झालं असतं? त्याची नोकरी गेली असती, आणि यादी तिथेच राहिली असती.

आणि निनांग, एक विचारू? तुमच्या कार्डांवर काय होतं? लोकांना काय मिळालं नाही, ते. आता मिळालं. बेर्टिंगच्या बापाला दगड मिळाला, दाईच्या मुलीला शाळा. तुम्ही वर्षानुवर्षं लिहून ठेवलंत, पण कुणाला काही मिळवून दिलं नाहीत. इसांगचं वाईट झालं, ते मलाही लागलं. ती एक चूक झाली, मी रामिलला सांगितलंय, निवडणूक झाल्यावर तिला ओटा परत मिळवून देऊ.

इसांग सोडली तर हे तुमच्याकडून गेलं हे कुणालाही कळलेलं नाही, कळणारही नाही. आईला सांगू नका. तिला लग्नाचा फार आनंद झालाय, आताच निळा झगा शिवलाय.

सगळे करतात, निनांग. तुम्ही नुसतं लिहीत बसलात म्हणून तुम्ही वेगळ्या आहात, असं नाही.

वेंग


सान फेर्मिन
५ जून १९९५

रोवेना,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तू जे केलंस त्याचा शेवट तिथे मनिलात बसून तुला कळणार नाही, आणि तो कळवणं माझ्यावर आहे.

निवडणूक झाली. मोंतेरोयो जिंकला. गुम्बानबाई पुन्हा लोकांच्या घरी जाऊन इंजेक्शनं देते, कुणाकडून काही घेत नाही. तेवढी बातमी पुरे.

आता दुसरी ऐक. निकाल लागल्यावर बाजारातल्या बायका हिशेब करायला बसल्या. मी शिकवलं नव्हतं त्यांना, तरी त्यांनी माझ्याच पद्धतीने केला. कुणाकडे मेयरची माणसं आली? कुणाला लालूच, कुणाला धाक? जो जो कधी माझ्याजवळ येऊन बोलला होता, त्याच्याकडे आली. एक घर सोडून. जी बाई मेयरबद्दल सगळ्यांत घाण बोलायची, तिच्याकडे कुणी आलं नाही. ना तांदूळ, ना दम. बाजारात शिरल्यावर तिच्या इबोसची टोपली पूर्वीसारखीच, चांगल्या सावलीत.

तुझी आई.

'सगळी कार्डं आहेत', असं तू लिहिलं होतंस. होती. पण टंकलेल्या यादीत एक नव्हतं. तू झोपली होतीस, तुला मागाहून कळलं, असं तू म्हणतेस. झोपलेलं माणूस एक कार्ड निवडून बाजूला काढत नाही. नेलियाचं नाव काढताना तुला पक्कं ठाऊक होतं, बाकीच्यांचं काय होणार आहे ते.

आणि तुझ्या त्या काळजीने काय केलं ते बघ. गावाने ठरवलं की माझ्याकडचं वर पोचवणारी फितूर नेलियाच. तिच्याकडचे इबोस कुणी घेईना. बेर्टिंगची बायको तिच्यासमोर थुंकली. नदीवर कपडे धुवायला गेली तर बायका टोपल्या उचलून वर सरकल्या. तुझ्या लग्नाहून ती निळा झगा घालून परतली, त्याच्यावरही टोमणे. "काँग्रेसमनच्या मांडीला मांडी लावून बसली म्हणे."

काल ती माझ्याकडे आली. बसली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "कुमारे, मी तुझ्याजवळ कमी बोलले होते का?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांत जास्त तूच बोललीस."

"मग मलाच का सोडलं?"

मी काय सांगावं, हा प्रश्न तू मला टाकून गेली होतीस. 'आईला सांगू नका'. मी खोटं बोलू शकले असते. कॉन्व्हेंटमध्ये पहिल्यांदा जे शिकवलं ते म्हणजे तोंड बंद ठेवणं, आणि मी त्यात हुशार होते. पण मी खण उघडला, तिचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. ते एकच असं होतं, ज्याच्या कडेला तेलकट डाग नव्हता. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला नव्हता.

तिने ते उलटं करून वाचलं. आपलेच शब्द. एका ठिकाणी हसूही आलं तिला. मग हसू गेलं. तिने मला विचारलं नाही, नावं कुणी दिली. पेटीवर बसून मनिलाला कोण, कुणाकडे गेलं होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आज सकाळी बाजार भरला होता. नेलिया आत आली, आपल्या जागी टोपली ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वेंग, तुझ्या आईचा आवाज तुला माहीत आहे, तिने मेयरबद्दल ते सगळं बोलून दाखवलं. कार्डावर होतं ते शब्द न् शब्द, आणि जे कार्डावर मावलं नव्हतं तेही. मुन्सिपाल्टीचा माणूस चहा पीत होता, त्याचा कप तसाच राहिला. मग ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "झालं ऐकून? आता माझा ओटाही धुवायचा ना? की माझ्या ओट्याला घाण लागत नाही?"

तो म्हणाला, "मानांग नेलिया, तुम्ही बसा हो, तुम्हाला कुणी काही बोललंय का?"

"तेच तर," ती म्हणाली.

तिने फळी उचलली, टोपली डोक्यावर घेतली आणि भिंतीबाहेर जाऊन इसांगच्या शेजारी फळी टाकली. भर उन्हात. इसांगने वर पाहिलं नाही. दोघींच्या मध्ये मासळीच्या टोपलीएवढं अंतर. मग इसांगने आपल्या छत्रीचा दांडा थोडा तिच्या बाजूला वाकवला.

मी तिथे गेले, दोघींकडून घेतलं. नेलियाने इबोस बांधता बांधता मला सांगितलं, "कुमारे, तू तिला लिहिणार असशील तर एवढं कळव. ती घरी आली आणि मला शोधायला निघाली, तर म्हणावं, बाजाराच्या आत शोधू नकोस. मी आता बाहेर बसते."

पेर्पेतुआ कातालबास